चाळीस टक्के आई

तारापेठ शहरात असा नियम होता, की उद्यानाच्या मंजूर चित्रात जी माणसं दाखवली असतील, त्यांनी चित्रातला उजेड असेल तोवर त्या उद्यानात हजर राहायचं.

नियम कुणा वेडपटानं केला नव्हता. महापालिकेच्या सभेत एका नगरसेवकानं नव्या उद्यानाचं रंगीत चित्र फडकावून विचारलं होतं, की चित्रात माणसं नुसती ओसंडून वाहतायत आणि प्रत्यक्षात तिथं दोन कुत्री झोपलेली असतात, ही जनतेची फसवणूक नाही का? प्रश्न बिनतोड होता. सभागृहानं एकमतानं ठराव केला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून माणसं यायला लागली.

ती कुठून येतात हे बघणं उद्यान विभागाच्या कामात बसत नव्हतं, म्हणून कुणी बघितलं नाही. आर्किटेक्ट लोक संगणकावर चित्र करतात तेव्हा त्यात चिकटवायला आयती कापलेली माणसं फुकट मिळतात, आणि ती बहुतेक परदेशी असतात. त्यामुळं संगम उद्यानात सोनेरी केसांचा एक माणूस धावण्याच्या बेतात एक पाय उचलून उभा असे. लाल फुगा धरलेली एक मुलगी होती. बाबागाडी ढकलणारं एक जोडपं होतं. त्या गाडीत वाकून बघितलेल्या एका बाईनं पुन्हा बागेत पाऊल टाकलं नाही आणि आत काय दिसलं ते कुणाला सांगितलंही नाही. चित्रांमधला उजेड नेहमी सूर्यास्ताआधीचा, छान पिवळसर असतो. म्हणून ही मंडळी संध्याकाळी येत आणि उजेड उतरला की दिसेनाशी होत. त्यांचा कुणाला त्रास नव्हता. तरी तारापेठकर हळूहळू उद्यानाच्या बाहेरून, कुंपणाला धरून फेऱ्या मारू लागले. चालण्याशी मतलब, आतून काय नि बाहेरून काय.

शर्वरी केंजळे ही लँडस्केप आर्किटेक्ट याच माणसांवर पीएच.डी. करत होती. ‘उद्यानचित्रांतली माणसं: एक चिकित्सा’ असं प्रबंधाचं नाव. चित्र कधी निरागस नसतं, ते कुणाला बोलावतं आणि कुणाला वगळतं हे विचारलंच पाहिजे, हे वाक्य तिच्या प्रत्येक प्रकरणात एकदा तरी येत असे. तिनं शहरातल्या एकूण एक उद्यानाचं चित्र फाडून खाल्लं होतं. तिचे मार्गदर्शक खरवंडीकर सर तिच्यावर खूश होते. त्यांच्याच शब्दाखातर महापालिकेनं तिला चिंचओढ्याकाठची जागा दिली, की बाई, नुसती टीका नको, एक उद्यान करून दाखव.

त्या जागेवर पूर्वी वस्ती होती. वस्ती हलवून लोकांना शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत नेण्याच्या थोडे दिवस आधी शर्वरीनं तिथं जाऊन मोजमाप केलं होतं, फोटो काढले होते. ती चित्र काढायला बसली तेव्हा जागा तांबड्या मातीची, सपाट झाली होती. तिनं धंद्याच्या रीतीप्रमाणं वस्तीचा फोटो सगळ्यात खालच्या थरात ठेवला आणि त्याच्यावर हिरवळ, बांबू, दगडी काठांचा वळणावळणाचा पाण्याचा पाट असं सगळं रंगवत नेलं. पूर्ण झालं तेव्हा खालचं काही दिसत नव्हतं.

राहता राहिली माणसं. परदेशी माणसं घ्यायची नाहीत, आपलीच घ्यायची, यावर तर अख्खा प्रबंध उभा होता. लांबची बोटभर उंचीची माणसं तिनं अशीच ठिपक्यांसारखी टाकली. पुढच्या बाकावर मात्र ओळखीचं, इथलं, खरं कुणी तरी हवं होतं. तिच्या फोनमध्ये आईचा एक फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला. प्रमिलाबाई खुर्चीत बसून तोंडभर हसत होत्या आणि हातात जेवणाचं ताट होतं. शर्वरीनं ताट कापून टाकलं, खुर्ची कापून टाकली आणि आईला बाकावर बसवलं. आईला विचारायला ती स्वयंपाकघरात जाणार होती, पण कुकर झाला होता, जेवणं झाली, राहून गेलं.

सरांनी चित्र बघितलं आणि मान डोलावली.

“उत्तम. फक्त ही बाई पाट झाकतेय. तिला पुसट कर.”

“किती?”

“पाट दिसेल इतकी. माणूस डिझाइनच्या आड येता कामा नये, एवढं तर पहिल्या वर्षाला शिकवतो आपण.”

शर्वरीनं आईला चाळीस टक्क्यांवर आणलं. आईच्या आरपार पाट अगदी झकास दिसायला लागला. चित्र मंजूर झालं, त्याप्रमाणं काम झालं, आणि उद्घाटनाच्या आठवड्यात प्रमिलाबाईंना महापालिकेची नोटीस आली, की चित्रात दाखवल्याप्रमाणे हजर राहावे.

प्रमिलाबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. उभ्या हयातीत शेकडो मैलांवरच्या लोकांशी बोलून त्यांचा आवाज असा तयार झाला होता, की त्या घरात कुजबुजल्या तरी जिन्यापर्यंत ऐकू जाई. नोटीस वाचून त्या रागावल्या नाहीत.

“मला न विचारता बसवलंस होय गं बाकावर? बरं झालं. घरात बसून तरी काय दिवे लावते. पण हे ‘दाखवल्याप्रमाणे’ म्हणजे काय? हसायचं?”

“हसू आपोआप येईल म्हणे.”

“आणि साडी?”

“तीच. लग्नातली.”

“अगं, ती धुवायला टाकलीय!” असं म्हणत त्या खरोखरच ती साडी बाहेर काढायला उठल्या.

पहिल्या दिवशी शर्वरी त्यांच्याबरोबर गेली. उजेड पिवळा झाला तशा प्रमिलाबाई बाकावर बसल्या, उजवा हात छातीशी उचलला गेला, बोटं नसलेल्या ताटाभोवती वळली आणि तोंड हसण्यासाठी उघडलं ते उघडंच राहिलं. आवाज मात्र येत नव्हता. उजेड सरला, तशा त्या उठल्या, जबडा चोळला आणि म्हणाल्या, “नोकरीत सुद्धा इतक्या इमानानं बसले नव्हते.” दोघी कोपऱ्यावरून भजी घेऊन घरी आल्या.

असे काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी समोरच्या पायवाटेवर उभ्या असलेल्या शर्वरीला आईच्या खांद्यातून बांबूची पानं हलताना दिसली.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, की डोळ्यांना भास झाला. शर्वरीला तसं वाटण्याची सोय नव्हती. अशी पुसट माणसं ती गेली कित्येक वर्षं रोज स्वतःच्या हातानं करत होती. पाट दिसत होता, पाटाचा दगडी काठ दिसत होता, सगळं चित्राबरहुकूम होतं.

घरी आल्यावर आई चहा करत होती आणि गॅसची निळी ज्योत तिच्या मनगटापलीकडे दिसत होती.

“आई, तुला बरं वाटतंय ना?”

“मला काय धाड भरलीय? वय झालं की कातडी पातळ होतेच. माझ्या आईची तर शीर न् शीर मोजता यायची.”

पण कातडीचं हे काम नव्हतं. मंडईत भाजीवाली प्रमिलाबाईंना ओलांडून मागच्या गिऱ्हाइकाला भेंडी तोलून द्यायला लागली. रिक्षा थांबेनाशा झाल्या. आणि तो आवाज, ज्याच्या जिवावर एके काळी निम्मा जिल्हा एकमेकांशी बोलायचा, तो उतरत चालला. स्वयंपाकघरातून आईनं हाक मारली तर शर्वरीला वाटायचं, शेजाऱ्यांकडे टीव्ही लागलाय. तिला दोनतीनदा हाक ऐकूच गेली नाही. वळून बघितलं तर आई दारात उभी होती आणि तिचे ओठ हलत होते.

नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंत्रावर अंगठा ठेवला, की माणूस जिवंत असल्याचं वर कळतं. प्रमिलाबाईंनी अंगठा ठेवला, पुसला, पुन्हा ठेवला. यंत्र गप्प.

“अंगठा येत नाहीये,” खिडकीतला माणूस म्हणाला. “ज्यांची पेन्शन आहे त्यांना घेऊन या.”

“मी आलेय की!”

त्यानं चष्मा वर केला, डोळे बारीक केले. “हो, दिसतंय थोडंसं. पण थोडंसं चालत नाही, आजी. महिनाअखेरपर्यंत आलं नाही तर मयत लागेल.”

तारापेठमध्ये कागद पुढं चालायचा आणि माणूस त्याच्या मागून. कागदावर मयत लागलेला माणूस फार दिवस तग धरत नसे. हे शर्वरीला माहीत होतं, तिच्या आईलाही माहीत होतं. परतीच्या वाटेवर शर्वरीनं आईचा हात घट्ट धरला होता, कारण गर्दीत सुटला असता तर तो पुन्हा सापडला असता याची खात्री नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती उद्यान अधीक्षक नलावडे यांच्याकडे गेली. नलावडे सज्जन गृहस्थ होते. बशीत चहा ओतून ते शांतपणे फुंकर घालत होते.

“माझ्या आईला चित्रातून काढायचंय.”

“काढू नका, मॅडम.” त्यांनी बशी खाली ठेवली. “स्टेशनमागच्या उद्यानाच्या चित्रातून एक शेंगदाणेवाला काढला होता. दुरुस्ती म्हणून. परवा त्याच्या बायकोला विचारलं, तर ती म्हणते, माझं लग्नच झालेलं नाही. दोन मुलं मागं खेळत होती.”

“मग तिला शंभर टक्के करते.”

“करा ना. पण मग त्या पाट झाकणार. माणसानं डिझाइन झाकायचं नाही, हा नियम आहे. आणि चित्रात जे झाकलं जातं ते जागेवर राहत नाही, हे तुम्ही तुमच्या प्रबंधात लिहिलंयत, मी वाचलंय. पाट गेला की पावसाळ्यात पाणी जाणार कुठं? पलीकडच्या शाळेत.” ते खरंच काळजीनं बोलत होते. “दुरुस्ती करायची तर तुमच्या सरांची शिफारस आणा. चित्र त्यांच्या देखरेखीत झालंय.”

खरवंडीकर सरांनी तिला बसवलं, पाणी दिलं. प्रमिलाबाईंना ते चांगले ओळखत होते. त्यांच्या हातची पुरणपोळी दर होळीला सरांकडे जायची.

“सर, माणसं पुसट का ठेवतो आपण?”

“पद्धत आहे.”

“कुणाची?”

“माझ्या सरांची.”

“आणि त्यांना कुणी शिकवली?”

सरांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. “शर्वरी, चिकित्सा करायची ती केलेल्या कामाची. हाताची चिकित्सा करायला बसलं, तर हात चालायचा थांबतो. डिझाइन दिसलं पाहिजे म्हणून माणूस पुसट करायचा. यात विचार करण्यासारखं काय आहे?”

“डिझाइन पुसट केलं तर?”

“मग बघायचं काय?” सरांनी विचारलं. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं असं वाटलं, पण शर्वरी तोवर उठली होती.

घरी येऊन तिनं चित्र उघडलं. आई शेजारी खुर्ची घेऊन बसली. म्हणजे खुर्ची ओढल्याचा आवाज आला, म्हणून शर्वरीला कळलं. तिनं आईला शंभरवर नेलं. लग्नातल्या साडीचे रंग एकदम उजळले. पाट झाकला गेला. मग तिनं पाट, हिरवळ, बांबू, बाक, कमानी, तिनं वर्षभर जीव ओतून केलेलं होतं नव्हतं ते सगळं निवडलं आणि चाळीसवर आणलं. डिझाइन विरळ झालं. आता आई त्याच्या आड येते असं कुणाला म्हणता आलं नसतं, कारण आड येण्याइतकं तिथं काही ठसठशीत उरलंच नव्हतं. आणि त्या विरळ हिरवळीच्या खालून पत्रे वर आले, दोरीवरचे कपडे आले, पावसाचं पाणी ओढ्यात नेणारी जुनी नाली आली, उंबऱ्यात बसलेली माणसं आली.

“हे काय उगवतंय गं?” आईनं विचारलं. शर्वरीला त्यासाठी कान आईच्या तोंडाजवळ न्यावा लागला.

“जुना फोटो. वस्ती होती तिथं.”

“मग असू दे की. आपलं काय खातेय?”

तो थर बंद करणं म्हणजे एका बोटाचं काम होतं. पण बंद केला की खाली पांढरं. संगम उद्यानाचा एक कोपरा चित्र करणाऱ्यानं घाईत पांढरा सोडला होता. तो अजून पांढराच होता. तिथं गेलेला चेंडू परत येत नसे. आईला तसल्या पांढऱ्यावर बसवायची शर्वरीची छाती झाली नाही. तिनं वस्ती राहू दिली.

प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत तिनं तेच चित्र भिंतीवर लावलं. दोन परीक्षक, खरवंडीकर सर आणि महापालिकेतर्फे नलावडे.

“यात तुझं काम कुठं आहे?” सरांनी विचारलं.

“दिसतंय थोडंसं, सर.”

“खालचा थर तरी बंद कर. अगदीच घाणेरडं दिसतंय.”

“नाही सर. तो बंद केला तर आई पांढऱ्यावर बसेल.”

सरांचा चेहरा उतरला होता, रागावला नव्हता. त्यांनी डोळे पुसले की चष्मा, ते नीट कळलं नाही. परीक्षकांनी आपसात बोलून निर्णय दिला, की डिझाइनच चाळीस टक्के असल्यामुळं पदवीचा विचार तूर्त करता येत नाही. पाच वर्षांचं काम असं पाच मिनिटांत बाजूला झालं. शर्वरीनं नलावड्यांकडेच बघितलं. नलावडे नियम चाळत होते. माणसानं डिझाइन झाकू नये, एवढंच त्यात होतं. डिझाइननं किती दिसावं, हे कुणाला लिहायचं सुचलं नव्हतं. सरांनी शिफारशीवर सही केली. नलावड्यांनी दुरुस्ती मंजूर केली.

नियमाप्रमाणं आता दिसणाऱ्या सगळ्यांना नोटिसा गेल्या. नव्या वसाहतीतून लोक टेंपो करून आले. गेनू तात्या म्हणून एक म्हातारा वसाहतीत गेल्यावर पहिल्याच थंडीत वारला होता. त्याच्या नावानंही नोटीस गेली. मयत असल्यास दाखला जोडावा, असं खाली लिहिलं होतं. दाखला कुणी जोडला नाही, म्हणून त्याची हजेरी धरण्यात आली.

दुरुस्त चित्राचा फलक उद्यानाच्या फाटकावर लावला, की ते लागू व्हायचं. त्या संध्याकाळी प्रमिलाबाई नेहमीप्रमाणं पुढं जाऊन बाकावर बसल्या. शर्वरी फाटकाशी नलावड्यांबरोबर फलक बांधून घेत होती. शेवटची दोरी आवळली गेली.

“शरू!”

हाक अशी आली, की फलक बांधणारा माणूस शिडीवर दचकला. शर्वरीनं वळून बघितलं. आई बाकावर बसली होती, सगळीच्या सगळी. साडीची जर, कपाळावरची कुंकवाची टिकली, हाताच्या शिरा. तिच्या आरपार काही म्हणता काही दिसत नव्हतं. हसून झाल्यावर तोंड आपोआप मिटलंही होतं, कारण बाक आता पुसट होता आणि बाकाचं बंधनही तेवढंच. शर्वरी तिथंच फाटकाशी हुंदके देऊन रडली. नलावडे दुसरीकडे बघत राहिले.

हिरवळीतून घरं वर आली होती. पत्र्यावर दगड ठेवलेले, दारात बादल्या, चुलीचा धूर. बाक नेमका एका घराच्या ओट्यावर आला होता. त्या घरची बाई, हौसाबाई, हातात परात घेऊन बाहेर आली आणि प्रमिलाबाईंना बघून थांबली.

“कोन म्हनायचं? आमच्या वट्यावर बसलाय न्हवं?”

“चुकलं बाई. मला वाटलं, बाक आहे.” प्रमिलाबाई सरकल्या. “पीठ मळताय? आणा इकडं, नुसती बसून कंटाळलेय.”

उंबऱ्यात गेनू तात्या तंबाखू मळत होता. शर्वरी कुंपणाच्या गजांतून त्याच्याकडे बघत राहिली. हौसाबाईनं ते बघितलं.

“बाई, तुमी फोटू काढला तवा तात्या हितंच बसला व्हता,” ती तिथूनच म्हणाली. “मग येनारच की.”

फाटकात आता वस्तीतलीच बाकीची माणसं जमली होती. डबे घेतलेले गवंडी, हातगाडीवाले, घरकामाहून परतलेल्या बाया. ती मंडळी आत पाऊल टाकत होती आणि पाऊल पुन्हा जिथल्या तिथं, फाटकाबाहेरच पडत होतं. हौसाबाईची लेक शालन चार घरचा स्वयंपाक करायची. ती शर्वरीच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“किती वाजता काडला व्हता फोटू?”

“अकरा. सकाळी.”

“अकराला सगळीच कामावर असत्यात,” शालन म्हणाली. तिचा आवाज वर चढला नव्हता. “माजी आय घरी व्हती. मी न्हवते.”

मोजणीला जायचं ते कचेरी उघडल्यावर, हीच धंद्यातली रीत. त्या वेळी वस्तीत म्हातारी माणसं आणि घर सांभाळणाऱ्या बाया सोडून कुणी नसतं, हे शर्वरीच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तिनं नलावड्यांकडे बघितलं.

“नव्या डिझाइनमध्ये वाढीव माणसं येऊ शकतात,” नलावडे म्हणाले. “पण हा फोटो म्हणजे जागेची सद्यस्थिती, आणि सद्यस्थितीत बदल करता येत नाही, मॅडम. फोटोत जेवढे तेवढेच.”

शर्वरीनं फाटकातून आत पाऊल टाकलं. ते बाहेर पडलं. तिनं पुन्हा टाकलं. फोटो काढणारी फोटोत नव्हती.

“आई, बाहेर ये! उजेड गेला की लगेच बाहेर ये!”

“येते गं, येते!”

रस्त्यावरचे दिवे लागले. दुकानं बंद होऊ लागली. कुंपणाच्या आत मात्र पत्र्यांवर सकाळचं लख्ख ऊन होतं आणि ते जराही कलत नव्हतं. नलावड्यांनी घड्याळ बघितलं, मग आत बघितलं.

“खालच्या थरात अकरा वाजलेत,” ते हळू आवाजात म्हणाले. “ते अकराच राहणार. रंगवलेला उजेड उतरतो, फोटोतला उतरत नाही.”

पेन्शनचं यंत्र त्यांनी दोनच दिवसांत स्वतः खटपट करून कुंपणाजवळ आणवलं. प्रमिलाबाईंनी गजांमधून हात बाहेर काढला, अंगठा ठेवला आणि यंत्र पहिल्या फटक्यात बोललं. त्या हयात होत्या.

शर्वरी आता रोज सकाळी कामावर जाण्याआधी कुंपणाशी येते. एका खासगी कार्यालयात ती गच्चीवरच्या बागा काढते. चित्रात माणूस घालत नाही. कुंपणाला त्या वेळी गर्दी असते. कुणी औषधं आणतं, कुणी बापाची दाढी करतं. आत कुठपर्यंत जाता येतं हे शालननं तिला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं.

“कोपरापत्तुर हात जातोय. त्याच्या म्होरं न्हाई.”

परवा शर्वरीनं मेथीची भाजी आणि भाकरी नेली होती. डबा आत सारला. आईनं तो घेताना तिची बोटं जरा वेळ धरून ठेवली. हात ऊबदार होता, जड होता, नीट भरलेला होता. मग आई ओट्यावर जाऊन हौसाबाईशेजारी बसली, डबा उघडला, पहिला घास घेतला.

“शरू! मीठ विसरलीस गं!”

रस्त्यापलीकडच्या सायकल दुकानातल्या माणसानं मान वर करून बघितलं. शर्वरी काही बोलायच्या आत हौसाबाईनं फळीवरची बरणी काढली आणि प्रमिलाबाईंच्या पुढं ठेवली. दोघी जेवायला लागल्या. तात्याही भाकरीचा तुकडा घ्यायला उंबऱ्यातून पुढं सरकला.

शालननं पिशवी खांद्याला लावली.

“चला बाई,” ती म्हणाली. “आयनं मीठ दिलं. आपल्याला कामावर उशीर हुतोय.”